माफ केलं, काळजी नसावी

दि. ११ जानेवारी

चि. धोट्यास अ. उ. आ., आणि सोबत थोडा रागही.

तुझं पत्र पोचलं. पत्र कसलं, तार म्हणावी. प्रकृती बरी, काम बरं, हवा बरी, नमस्कार. लहानपणी मागावरच्या धोट्यासारखा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पळायचास म्हणून तुझं हे नाव पडलं. पन्नाशी उलटली तरी पत्रातसुद्धा तू तसाच, आलास की गेलास. मोबाइलवर तर अंगठा दाखवण्यापलीकडे काही बोलत नाहीस. म्हणून म्हटलं, आपला जुना कागदच बरा.

मी ठीक आहे. मागावरून उतरून वर्ष झालं, पण डाव्या कानात मागांची शेड अजून चालूच आहे. जावई दिवसभर बिघडलेल्या मागांच्या पोटात हात घालून असतो आणि माझी लेक गुंडी कापड तपासायच्या टेबलावर. धागा कुठे सुटला, गाठ कुठे आली, हे तिच्या बोटांना डोळ्यांच्या आधी कळतं. हे सगळं तुला माहीत आहे. तरी मी लिहीत बसले आहे, कारण मला मुद्द्यावर यायचं नाहीये.

आपल्या कांडीला, माझ्या नातीला, ऐकू येत नाही. कमी येतं असं नाही. जन्मापासून, दोन्ही कानांनी, येतच नाही.

पहिल्यांदा बालवाडीच्या बाईंनी सांगितलं. म्हणाल्या, पोर हुशार आहे, पण पाठमोरी असली की हाकेला ओ देत नाही. गुंडी त्यांच्याशी भांडून आली. घरी आल्यावर मात्र तिने कांडीच्या पाठीमागे उभं राहून हाक मारली. मग मी मारली. मग जावयाने दोन झाकणं हातात घेऊन एकमेकांवर आपटली. कांडी खिडकीतून मांजराकडे बघत होती, ती बघतच राहिली. जावयाने झाकणं परत जागेवर ठेवली, अगदी हळू, जणू आवाज होऊ नये म्हणून.

तू विचारशील, अडीच वर्षं तुम्ही सगळे झोपा काढत होतात का. धोट्या, आपल्या घरात कोण कोणाला हाक मारतं? शेडच्या भिंतीला टेकलेलं घर, दिवसभर मागांचा खडखडाट. तीन पिढ्या आपण हातांनी आणि तोंडं मोठी करून बोलत आलो. जेवायला चल, हात. विजेचं बिल आलं, हात. विहीणबाई येताहेत, सांभाळून, भुवया. कांडीशीही आम्ही जन्मल्यापासून असंच बोललो, आणि ती शेजारच्या पोरांच्या आधी पटापट उत्तरं द्यायला लागली. अंगाने सुतळीएवढी आणि दिवसभर गरगर फिरायची, म्हणून तर सुताच्या कांडीवरून तिला कांडी म्हणायला लागलो. तोंडाने बोलत नाही, तर म्हणायचो, बापावर गेली, त्यालाही तोंड उघडायचा कंटाळा. आणि माग बंद पडला रे पडला की ती शेडकडे मान वळवायची. आम्ही येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगायचो, बघा, कान किती तिखट आहेत. पायाखालची फरशी थरथरायची थांबते म्हणून वळत होती ती. हे आता कळतंय.

जन्मली तेव्हा दवाखान्यातलं कान तपासायचं यंत्र दुरुस्तीला गेलं होतं. पुढच्या महिन्यात घेऊन या म्हणाले होते. आम्ही नेली नाही. असं तिखट कानांचं पोर कशाला नेणार होतो?

माझं दुःख वेगळंच आहे. गुंडी सातव्या महिन्यापर्यंत शेडमध्ये कामाला होती. तिने मनाशी पक्कं केलंय की मागांच्या आवाजाने पोटातच पोरीचे कान गेले. डॉक्टरीणबाई म्हणतात तसं नाही, हे बहुतेक घराण्यातून आलं असावं, तुमच्याकडे आणखी कोणी आहे का. मी तुझं नाव सांगितलं. त्यावर गुंडी म्हणाली, मामाचं तर सरळच आहे, त्याच्या वेळी आजी दिवस भरेपर्यंत मागावर उभी होती. ही गोष्ट तिने माझ्याच तोंडून ऐकलेली. घरात सगळेच ती सांगायचे.

आईने उरलेला जन्म कसा काढला ते आपण दोघांनी पाहिलंय. आता तोच चेहरा माझ्या लेकीला आलाय. काहीतरी लिही. या वेळी चार ओळींपेक्षा जास्त.

लोभ पत्राच्या लांबीवर मोजू नये म्हणतात, पण मोजावासा वाटतो.

तुझी,
ताई


दि. २० जानेवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

लांब पत्र लिहायचं म्हणून पुस्तकबांधणीच्या कारखान्यातून लवकर निघालो. मालकाने कारण विचारलं. मी पाटीवर लिहिलं की घरी आणखी एक बहिरा माणूस आला आहे. हसावं की सांत्वन करावं ते त्याला कळेना. मलाही कळत नव्हतं, म्हणून तर तसं लिहिलं.

आधी तुझ्या पत्रातली एक दुरुस्ती. तू असं लिहिलं आहेस, जणू घरातलं कोणी गेलं. कोणी गेलेलं नाही. सहाव्या वर्षापर्यंत मला आपण बहिरे आहोत हे माहीतच नव्हतं. घरात सगळे हातांनी बोलायचे, मीही बोलायचो. मला वाटायचं, बाहेरच्या लोकांनाच काहीतरी झालंय, बिचाऱ्यांचे हात चालत नाहीत. पुढे निवासी शाळेत घातलंत. तिथे हात चालवला की बोटांवर पट्टी बसायची. तेव्हा कळलं की जे काही झालंय ते मला झालंय. तेव्हा तुमची चूक मला परकी नाही. तीच मी स्वतःच्या बाबतीत केली होती.

तरी अडीच वर्षं गेली याचं वाईट वाटतं. आज जी यंत्रं निघाली आहेत ती माझ्या वेळी नव्हती, आणि जितकी लवकर मिळतील तितकी उपयोगाची, असं आमच्या मंडळात सगळे सांगतात. इथे तुमचं चुकलं. ते मी गोड करून लिहिणार नाही.

आता गुंडी. आईची सगळी पत्रं मी ठेवली आहेत. माझाच धंदा, म्हणून जुजबंदीने शिवून, पुठ्ठा चढवून नीट बांधली आहेत. वर बातम्या, मधे काळजी आणि चेष्टा, आणि प्रत्येक पत्राच्या शेवटी ‘तुझी अपराधी आई’. शाळेतल्या पहिल्या पत्रापासून शेवटच्या पत्रापर्यंत एकदाही तिने नुसतं ‘तुझी आई’ लिहिलं नाही. लहानपणी मला त्या शब्दाचा अर्थ कळत नव्हता, मला वाटायचं आईचं नावच तसं असेल. अर्थ कळायला लागल्यावर मी प्रत्येक उत्तराच्या शेवटी लिहू लागलो, ‘माफ केलं, काळजी नसावी.’ हाताच्या नुसत्या एका फेकीने जी बाई अख्खी शेड हसवायची, ती माझ्यापायी मागावरून उतरली आणि पुन्हा तिकडे फिरकली नाही. तिला एवढं तरी द्यावं असं मला वाटायचं. वाचून तिला बरं वाटत असेल अशी माझी समजूत होती, आणि आहे.

गुंडीला सांग, हे प्रकरण सुरू करू नकोस. एका घराला एक अपराधी आई पुरे.

आणि मी येतो. कांडीला शिकवायला वगैरे नाही. तिच्याशी बोलायला तिच्यासारखं कोणीतरी हवं, आणि घरात तिच्यासारखा मी एकटाच आहे. पुढच्या महिन्याचा दुसरा रविवार धरून चाल. चहात साखर कमी घाल, डॉक्टरने माझ्याही मागे शुक्लकाष्ठ लावलंय.

माया आहे तशी राहो. राहीलच, पण लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं.

तुझा,
धोटा


दि. २९ जानेवारी

चि. धोट्यास अ. उ. आ.

या पत्रासाठी आधीच बरेच कागद फाडून झालेत. हाही फाडायच्या आत पाकिटात घालणार आहे.

चांगलं आधी सांगते. कांडीचं ऑपरेशन ठरलं. कानाच्या मागे आत एक यंत्र बसवतात, बाहेरचा तुकडा चुंबकाने डोक्याला चिकटतो, आणि आवाज कानाला वळसा घालून थेट आतल्या नसेपर्यंत जातो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वर्षाची व्हायच्या आत आणली असतीत तर सोन्याहून पिवळं झालं असतं, तरी गाडी अजून सुटलेली नाही. मी त्यातलं दुसरं वाक्य ऐकलं. गुंडीने फक्त पहिलं ऐकलं.

बोलायला शिकवणाऱ्या एक बाई आहेत, त्यांच्याकडेही जाऊन आलो. त्यांनी सांगितलं, यंत्र बसलं की घरात तोंडाने भरपूर बोला, पोरीला आवाजाची सवय लागू द्या. गुंडीने घरी येऊन फर्मान काढलं, आजपासून घरात हात बंद. तू असतास तर पोट धरून हसला असतास. जावई खिशात हात घालून फिरतो, आणि त्याला काही सांगायचं झालं की त्याचे खिसे वळवळतात. मी हातांवर बसते. परवा विहीणबाई आल्या होत्या. हातांशिवाय तक्रार कशी करायची ते त्यांना जमेना, चहा घेऊन लवकरच परत गेल्या. एवढाच काय तो फायदा.

पुढचं लिहायला पेन उचलत नाही. गुंडी म्हणते, मामाला सध्या येऊ देऊ नकोस, वर्षभर तरी. तो आला की कांडी पुन्हा हातांकडे ओढली जाईल, आणि गेलेले दिवस भरून काढायचे तर आता एकही वाया घालवायचा नाही. मोबाइलवर चेहरासुद्धा दाखवायचा नाही. मी भांडले. ती चिडली नाही की रडली नाही. एवढंच म्हणाली की माझ्या हातून एकदा चुकलं, आता पुन्हा चुकू देणार नाही.

आणि आता जे लिहायचंय ते कोणत्या तोंडाने लिहू? डॉक्टरीणबाईंना तुझं रक्त हवं आहे.

त्यांनी सांगितलं ते मला समजलं तसं सांगते. कान घडवायच्या कामाचं एक जनुक असतं. प्रत्येकाला त्याच्या दोन प्रती मिळतात, एक आईकडून, एक बापाकडून. एक बिघडलेली असली तरी दुसरी काम निभावते, आणि माणसाला जन्मभर पत्ता लागत नाही. दोन्ही बिघडलेल्या वाट्याला आल्या तर मूल बहिरं. कांडीच्या दोन्ही प्रतींत बिघाड आहे. जावयाकडून आलेला डॉक्टरांच्या नेहमीच्या ओळखीचा. ‘आमच्याकडे सात पिढ्यांत कोणी बहिरं नाही’ असं विहीणबाई गल्लीभर सांगून आल्या होत्या, त्यांची जीभ त्या दिवसापासून टाळ्याला चिकटली आहे. गुंडीकडून, म्हणजे माझ्याकडून, म्हणजे आपल्या घराकडून आलेला बिघाड मात्र विरळा. तो खरोखर कान बिघडवतो की नुसताच निरुपद्रवी पडून असतो, हे त्यांना छातीठोक सांगता येत नाही. तुझ्या दोन्ही प्रतींत तोच निघाला तर शंका मिटेल. आई-बाबा लांबच्या नात्यातले होते, त्यामुळे तसं असू शकतं असं त्या म्हणाल्या.

ती शंका मिटली तरच गुंडीच्या डोक्यातले माग थांबतील. नाहीतर ती जन्मभर त्यांचाच खडखडाट ऐकत बसेल, आईसारखी.

रक्त पाहिजे, माणूस नको, असं हे पत्र आहे. मला ते कळतं. रागाव, पण उत्तर लिही.

माझ्यावरचा लोभ कमी केलास तर तो तुझा हक्कच आहे.

तुझी,
ताई


दि. ६ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

रक्त दिलं. तिथल्या मुलीने माझं नाव तोंडाने पुकारलं असणार, मी बसूनच राहिलो. माझ्या मागून आलेले सगळे आत जाऊन परत आले. शेवटी तिने येऊन खांद्याला हात लावला. हे नेहमीचंच आहे.

रविवारी येत नाही. कांडीसाठी एक कोरं पुस्तक बांधलं होतं, तिच्या मुठीत मावेल एवढं. ते पाठवत नाही. बघतो त्याचं काय करायचं ते.

गुंडीवर राग नाही. पट्टीवाल्या मास्तरांचा हेतूही चांगलाच होता.

प्रकृती बरी, काम बरं, हवा बरी.

तुझा,
धोटा


दि. १४ एप्रिल

चि. धोट्यास अ. उ. आ.

तुझ्या त्या पत्राला उत्तर लिहायला मला इतके दिवस लागले. शेवटची ओळ वाचली की पेन खाली ठेवत होते. रागावला असतास, चार शिव्या घातल्या असत्यास, तर मी लगेच लिहिलं असतं.

ऑपरेशन नीट झालं. जखम भरल्यावर यंत्र सुरू केलं. आम्ही सगळे भोवती बसलेलो, जावयाने नवीन शर्ट घातलेला. पोर हसेल असं आम्हाला वाटत होतं. ती दचकली आणि रडायला लागली, आणि स्वतःचं रडणं ऐकू आलं तशी आणखीच घाबरली. नवीन शर्टाच्या बाहीला नाक पुसून पुसून शांत झाली. आता सवय होते आहे. नळ सोडला की काम टाकून बघायला धावते. परवा दाराची कडी वाजली आणि तिने मान वळवली. फरशी हलली नव्हती, मी मुद्दाम पायाखाली लक्ष ठेवलं होतं. गुंडी आहे तिथेच खाली बसली. आनंदाची गोष्ट आहे, आणि ती तुलाच सांगावीशी वाटते.

पण पोर गप्प झाली आहे रे. पूर्वी उठल्यापासून हातांची बडबड चालायची, स्वप्नसुद्धा सांगायची, तेही पदरचं घालून. आता तोंडाने अजून येत नाही आणि हात आईला चालत नाहीत. मधल्यामधे अडकली आहे. मागच्या आठवड्यात तिचं बोट दारात चेमटलं. तिने कोणालाच सांगितलं नाही. बोट सुजून टम्म झाल्यावर आम्हाला दिसलं. आधीचे दिवस असते तर शेडभर फिरून प्रत्येकाला दाखवून आली असती.

आईची आठवण येते. तू सुटीत घरी यायचास तेव्हा मास्तरांनी तिलाही बजावलं होतं, मुलासमोर हात वापरू नका, सवय मोडेल. तिने ते ऐकलं. तुझ्यासमोर ती दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसायची आणि सावकाश तोंड हलवत राहायची. आणि तू तिच्या मांडीकडे बघत बसायचास. हे मी विसरले होते. आता रोज माझ्या डोळ्यांसमोर घडतंय, तेव्हा आठवलं.

तुझ्या रक्ताचा रिपोर्ट अजून आलेला नाही. गुंडी रोज विचारते, आणि विचारून झालं की कापडावर वाकून गाठी शोधत बसते. हल्ली ती चांगलं कापडही नापास करते.

लोभाचं काही लिहीत नाही. दोन ओळी धाड, तार चालेल.

तुझी,
ताई


दि. १९ मे

ती. स्व. मामास सा. न. वि. वि.

तुला मी स्वतः पहिल्यांदाच पत्र लिहिते आहे. आजवर आईच्या पत्राखाली ‘गुंडीचा नमस्कार’ एवढीच माझी ओळ असायची. म्हणून अक्षर ओळखीचं वाटणार नाही.

रिपोर्ट आला. तुझ्या दोन्ही प्रतींत तोच बिघाड आहे, जो माझ्याकडून कांडीकडे गेला. डॉक्टरीणबाईंनी कागद समोर ठेवून सांगितलं की आता शंकेला जागा नाही. मी नऊ महिने डोंगरावर जाऊन शांत बसले असते तरी कांडी अशीच जन्मली असती. पुढच्या मुलाच्या वेळीही चारात एक अशी शक्यता राहील. त्याचा विचार आम्ही दोघं सवडीने करू, आता डोळे उघडे ठेवून.

मग मी विचारलं, माझ्या आजीचं काय? त्या म्हणाल्या, तेच. तुमच्या मामांच्या बहिरेपणाचा मागांशी काही संबंध नाही, कधीच नव्हता.

आई माझ्या डावीकडे बसली होती. तिला डाव्या कानाने नीट ऐकू येत नाही हे तुला माहीत आहे. तिने मला ते पुन्हा सांगायला लावलं. मी तोंडाने सांगितलं. तिला ऐकू आलं होतं, तरी तिने मान हलवली आणि म्हणाली, हातांनी सांग. मी आजूबाजूला पाहिलं आणि सांगितलं. आजीची खूण केली, गालावर दोन बोटं. मग माग. मग नाही. आईने तेच तिच्या हातांनी पुन्हा केलं, स्वतःशीच, दोनदा. कांडी बाकावर बसून बघत होती. इतक्या महिन्यांनी माझे हात चाललेले तिने पाहिले, आणि उठून येऊन ते दोन्ही पकडले. मामा, तिने ते सोडलेच नाहीत. आईच्या जावयांना, म्हणजे आमच्या ह्यांना, तिला हातांसकट माझ्यापासून उचलता येईना.

शिकवणाऱ्या बाईंना मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, मी भरपूर बोला म्हटलं होतं, हात बांधा असं म्हटलं नव्हतं. घरात पोरीला आधीच एक भाषा येते आहे, ती का काढून घेता? तेव्हा ते फर्मान माझंच होतं. त्यांच्या सांगण्यावर मी माझी भीती चढवली.

कांडी टेबलाखाली बसून बाहुलीशी हातांनी बोलायची, हे मी पाहिलेलं आहे. मी जवळ आले की हात फ्रॉकखाली लपवायची. आईला हे मी सांगितलेलं नाही, तुला सांगते.

मला वाटलं होतं, रिपोर्ट आला की सुटेन. माग सुटले. बाकीचं सुटत नाही. अडीच वर्षं मला कळलं नाही, आणि कळल्यावर मी तिचे हात बंद केले. हे दोन्ही कुठल्याच जनुकात सापडणार नाही. हल्ली रोज तिला समोर बसवते आणि हातांनी ‘चुकलं’ म्हणते. ती नुसती बघते. तिला ती खूण अजून माहीत नाही.

तू ये. तुझं रक्त मागितलं आणि तुला दाराबाहेर ठेवलं, ते मनाला लागलेलं आहे. तुलाही लागलं असेल. त्याचीही माफी कर, आणि ये.

तुझ्या आशीर्वादावर आता माझा हक्क किती उरला आहे ते तूच ठरव.

तुझी भाची, आणि कांडीची अपराधी आई,
गुंडी


दि. २६ मे

चि. गुंडीस अ. उ. आ., आणि हक्क वगैरे पुन्हा काढलास तर रागावेन.

तुझं पत्र जेवणाच्या सुटीत वाचलं. त्यानंतर एकही फर्मा सरळ दुमडता आला नाही, पानं मागेपुढे व्हायला लागली. मालकाने पाटीवर विचारलं, काय झालं. मी लिहिलं, आई निर्दोष सुटली. त्याने लिहिलं, तुमच्या आई तर केव्हाच गेल्या ना? मी मान हलवली. त्याने पाटी पुसली.

घरी येऊन तिची बांधलेली पत्रं काढली. वाचली नाहीत, फक्त प्रत्येकाची शेवटची ओळ बघत गेलो. गुंडे, माझी उत्तरं तुझ्या आईकडे असतील. प्रत्येकाच्या खाली काय लिहिलंय ते मला पाठ आहे. माफ केलं, काळजी नसावी. मला वाटायचं, मी तिच्या डोक्यावरचा भार थोडा थोडा उतरवतो आहे. आज कळलं की माफ करणाऱ्याने आधी अपराध कबूल धरलेला असतो. दर पत्राला मी तो तिच्या नावावर नव्याने चढवत होतो, तेही प्रेमाने. एकदा जरी चिडून लिहिलं असतं, की आई, कसला अपराध, माझं बरं चाललंय, तू आपली मागावर परत जा आणि शेडला हसव, तर ती भांडली असती, पण कदाचित गेलीही असती. कदाचित माझ्यासमोर मांडीखालचे हात बाहेर काढले असते. मी ते लिहिलं नाही. माफी लिहिणं सोपं होतं. आणि खरं सांगतो, मला ती द्यायला आवडायचं. शाळेतल्या मुलाला दुसरं मोठेपण कुठून मिळणार?

आता ते कोणाला सांगू? तिचा पत्ता राहिला नाही. म्हणून तुला सांगतो.

मी या रविवारी येतो. हात खिशात नसतील, आधीच सांगून ठेवतो. ते छोटं कोरं पुस्तक इथेच पडून आहे, ते आणतो. मला येऊ नको म्हटलंस ते मी माफबीफ करणार नाही. राग आला होता, तो गेला, संपलं. कांडीकडून मला एकच हवं आहे. नळाचं पाणी कसं वाजतं ते तिने मला सांगावं, हातांनी. आजवर पुष्कळ जणांनी प्रयत्न केला, पण ऐकू येणाऱ्यांना ते नीट सांगता येत नाही. तिला दोन्हीकडचं ठाऊक असेल.

तुझ्या हातून उशीर झाला हे खरं आहे. तिचे हात बांधलेस हेही खरं आहे. त्याचं वाईट वाटू दे, ते मीही पुसून टाकणार नाही. पण पत्राखाली नुसतं ‘कांडीची आई’ लिहीत जा. आणि तिला समोर बसवून ती खूण करणं आजपासून बंद कर. अजून तिला अर्थ कळत नाही म्हणून ती नुसती बघते आहे. कळायला लागला की ती माफ करून टाकेल. मुलं करतात. मी केलं होतं.

लोभ आहेच. उरलेलं रविवारी, हातांनी.

तुझा,
मामा